दोघांचें पुणें

फणसवाडींतील चाळीमध्यें रात्रीं दहानंतर जें बोलणें होतें तें दबक्या आवाजांत होतें. खोली एक, तिच्यांत आईवडील निजलेले, धाकट्या भावाचें अंथरूण दाराशीं, आणि मधला पडदा दृष्टि अडवितो, आवाज अडवीत नाहीं. अशा खोलींत लग्नाला वर्ष न लोटलेलें एखादें जोडपें शनिवार-रविवार पुण्यास जाण्याचा बेत करतें, तेव्हां तो बेतसुद्धां कुजबुजतच करावा लागतो. सकाळीं घरांत विचारणा होते, "पुण्यास कोणाकडे कार्य आहे?" लग्न नाहीं, मुंज नाहीं, कोणाचें दुखणें नाहीं; केवळ दोघांना दोन दिवस एकत्र राहावयाचें आहे, हें उत्तर आजही पुष्कळ घरांत अडखळतच दिलें जातें.

हें अडखळणें समजून घ्यावयाचें तर थोडें मागें जावें लागतें. पतिपत्नींनीं केवळ सहवासासाठीं प्रवास करणें ही गोष्ट वाटते तितकी जुनी नाहीं. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी या नांवांत गिरगांवच्या जुन्या बागाईताची आठवण आहे. पुढें तेथें चाळी उठल्या आणि कोंकणांतून व देशावरून आलेल्या कारकुनांचे, शिक्षकांचे, छापखान्यांतील जुळाऱ्यांचे संसार त्यांत थाटले गेले. हीं माणसें प्रवास करीत नसत असें नाहीं. पंढरीची वारी होई, नाशिकचें तीर्थ होई, बाळंतपणासाठीं सून माहेरीं जाई. परंतु या प्रत्येक प्रवासाला देवाचें, नात्याचें किंवा संकटाचें निमित्त असे. निमित्तावांचून दोघांनींच निघावयाचें तर तीन गोष्टी लागतात: सुटी, वाहन आणि मोकळीक. या तिन्ही निरनिराळ्या वाटांनीं आल्या.

सुटीची गोष्ट प्रथम घेऊं. आपल्या जुन्या व्यवहारांत सण होते, अमावास्या होती. सर्वांना मिळणारी आठवड्याची सुटी नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत ती मिळविण्यासाठीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं कित्येक वर्षें खटपट केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेंही त्यांच्या बाजूचें एक म्हणणें होतें. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. ही झाली एका दिवसाची कथा. दुसऱ्या दिवसास फार वाट पाहावी लागली. महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्यांत पांच दिवसांचा आठवडा सुरू झाला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. आजच्या जोडप्याच्या हातांत असलेले दोन दिवस हे असे सव्वाशेंहून अधिक वर्षांच्या अंतरानें आलेले आहेत.

आतां वाहन. आगगाडीपूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारा मनुष्य पनवेलपर्यंत होडीनें जाई आणि पुढें बोरघाट चढे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें अशी पहिली गाडी धांवली. १८५६ मध्यें ती खोपोलीस आणि १८५८ मध्यें खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत पोंचली. मधला घाट मात्र उतारूंना पालखींतून, तट्टावरून किंवा पायीं चढावा लागे. सुमारें १८०० फुटांची ती चढण रुळांनीं जिंकली जाण्यास १८६३ साल उजाडावें लागलें, आणि त्या कामांत हजारों मजुरांचे प्राण खर्ची पडले. आरामांत घाट पाहणाऱ्या प्रवाशानें हें विसरूं नये.

१ जून १९३० रोजीं "दख्खनची राणी" सुरू झाली. पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींस जाणाऱ्या श्रीमंतांसाठीं ती आरंभीं शनिवार-रविवारपुरती धांवे. अर्थात् शनिवार-रविवारची पुण्याची सहल ही कल्पना रुळांवर आली ती धनिकांसाठीं. त्या गाडीस पहिला व दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसरा वर्ग जोडला गेला १९५५ मध्यें. तेथून पुढें गिरगांवचा कारकून बायकोला शेजारीं बसवून त्या खिडकींतून घाट पाहूं लागला.

सुटी आणि गाडी असूनही भागत नाहीं. तिसरी गोष्ट, मोकळीक, ही सर्वांत दुर्घट; कारण ती दोघांनाही असावी लागते. या प्रश्नाचा मोठा खटला मुंबईतच चालला. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या रखमाबाईंनीं नवऱ्याच्या घरीं नांदावयास नकार दिला, तेव्हां दादाजी भिकाजी यांनीं १८८४ मध्यें हायकोर्टांत दावा लावला. १८८५ मध्यें न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो फेटाळला. अपिलानंतर १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम केला कीं, बाईनें महिन्याच्या आंत नवऱ्याकडे जावें, नाहीं तर सहा महिन्यांची कैद भोगावी. रखमाबाईंनीं कैदेची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्यें दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढें त्या विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. या खटल्यानें एक गोष्ट कायमची दाखवून दिली: सहवास कोर्टाच्या हुकुमानें मागतां येतो, मिळवितां येत नाहीं. म्हणून दोन दिवसांच्या सहलीचा बेतही एकानें ठरवून दुसऱ्यास सांगावयाचा नसतो. तिला कोठें जावयाचें आहे हें तिला विचारणें, हाच त्या बेताचा पाया होय.

इतकें ध्यानांत ठेवून पुण्यास जावें, म्हणजे तें शहर निराळें दिसूं लागतें. शुक्रवारीं संध्याकाळीं पांचच्या सुमारास बोरीबंदर, म्हणजे आतांचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, सोडलें कीं साडेआठपर्यंत पुणें येतें. शनिवारीं उन्हें कलल्यावर शनिवारवाडा पाहावा. त्याचा पाया १० जानेवारी १७३० या दिवशीं घातला गेला. १८२८ च्या आगींत आंतील महाल जळाले आणि तट, दरवाजे व जोतीं उरलीं. थोरले बाजीराव आणि मस्तानी यांची कथा त्या जोत्यांभोंवतीं सांगितली जाते. परंतु त्याच वाड्यांत काशीबाईही राहत होत्या, हें सांगणारे थोडे. दोघांनीं मिळून ऐकण्यासारखी कथा ती सगळी आहे, अर्धी नव्हे.

रविवारीं पहांटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढाव्या. वर नानासाहेब पेशव्यांनीं बांधलेलें देवालय आहे. पानिपतानंतर १७६१ मध्यें त्यांचा अंत तेथेंच झाला. खालीं उतरल्यावर गंज पेठेंतील फुल्यांच्या वाड्यास जावें. १८४८ मध्यें भिडेवाड्यांत जोतीरावांनीं मुलींची शाळा काढली, सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या, आणि त्यापायीं १८४९ मध्यें दोघांना घर सोडावें लागलें. एकमेकांच्या सोबतीस एवढें मोल देणारें जोडपें त्या शहरानें क्वचितच पाहिलें असेल. १८९० मध्यें जोतीरावांच्या अंत्ययात्रेंत पुढें टिटवें धरून चालल्या त्या सावित्रीबाईच.

वेळ उरल्यास सुमारें पंचवीस किलोमीटरांवरील थेऊर पाहावें. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं माधवराव पेशवे तेथें वारले आणि रमाबाई सती गेल्या. ही प्रेमाची कथा म्हणून सांगतात; परंतु त्या स्मारकापुढें कौतुकापेक्षां हळहळ अधिक वाटावी. त्याच नांवाच्या दुसऱ्या रमाबाईंचा, न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नीचा, संसार याच पुण्यांत निराळ्या रीतीनें झाला. १८७३ मध्यें लग्न झाल्यावर पतीनें त्यांना लिहावयास-वाचावयास शिकविलें. त्यासाठीं घरांतील बायकांचीं बोलणीं त्यांनीं वर्षानुवर्षें सोसलीं. १९०१ मध्यें पति गेल्यावर त्यांनीं सेवासदन उभें केलें आणि १९१० मध्यें आपल्या आठवणींचें पुस्तक लिहिलें. एका रमाबाईंचें आयुष्य पतीबरोबर संपलें, दुसरींचें कार्य पुढें चाललें. दोहोंमधील अंतर हेंच त्या शतकाचें चालणें आहे.

एवढें सर्व दोन दिवसांत पाहिलेंच पाहिजे असें नाहीं. तीन स्थळें पाहून चौथें सोडावें, आणि तो वेळ नदीकांठीं कांहीं न करतां घालवावा. बेत इतका गच्च नसावा कीं दोघांना एकमेकांशीं बोलण्यास फुरसत उरूं नये. सोमवारीं सकाळीं सव्वासातच्या सुमाराची तीच गाडी साडेदहापर्यंत मुंबईस आणून सोडते.

पुन्हां तीच खोली, तोच पडदा. परंतु पुढल्या वेळीं कोणीं विचारलें, "कोणाकडे कार्य आहे?" तर उत्तर कुजबुजण्याचें कारण नाहीं. "कोणाकडे नाहीं, आम्ही दोघेंच जाणार आहों," असें तिनेंच मोठ्यानें सांगावें. तें ऐकून सासूबाई क्षणभर गप्प होतील आणि मग कदाचित् डब्यांत दशम्या बांधून देतील. कारण त्यांच्या वेळीं असा बेत करण्याची सोय कोणाला नव्हती, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक आहे?