गिऱ्हाइकालाच कुलूप

नव्वदच्या दशकात आमच्या गावच्या देवळाच्या श्रावणी सप्ताहाची स्मरणिका काढण्याचे काम माझ्याकडे असे. अक्षरजुळणीसाठी म्हापशाच्या बाजारातल्या एका लहानशा छापखान्यात जायचे. मालक जुन्या वळणाचा, सचोटीचा माणूस. खिळे जुळवण्याचे दिवस संपले हे ओळखून त्याने कर्ज काढून संगणक घेतला आणि मराठी डीटीपीचे सॉफ्टवेअर रीतसर पावती करून विकत आणले. त्या सॉफ्टवेअरबरोबर काडेपेटीएवढे एक ‘लॉक’ यायचे. ते संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या पोर्टात बसवायचे आणि प्रिंटरची केबल त्या लॉकला जोडायची. लॉक जागेवर असले तरच सॉफ्टवेअर उघडायचे.

एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि ते लॉक जळले. सॉफ्टवेअर शाबूत, आमचा मजकूर शाबूत, पण काहीच उघडेना. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर आले, की लॉक म्हणजेच सॉफ्टवेअर, नवे हवे तर पुन्हा पैसे भरा. सप्ताह पंधरा दिवसांवर आलेला. शेवटी फ्लॉपी घेऊन आम्ही दोन गाळे सोडून असलेल्या दुकानात गेलो. त्याच्याकडे तेच सॉफ्टवेअर होते. लॉक नव्हते आणि पावतीही नव्हती. स्मरणिका तिथे पूर्ण झाली. आमचा छापखानेवाला पायरीवर बसून होता. तो एवढेच म्हणाला, “पैसे मी भरले, आणि काम त्याचे चालले.”

वाचकहो, हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही. पुढे या कुलपांचा इतिहास वाचत गेलो तेव्हा ध्यानात आले, की म्हापशाच्या त्या पायरीवर जे घडले ते जगभर अनेकदा घडून गेले होते.

आधी दुसरी बाजू सांगायला हवी, कारण ती खोटी नाही. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी बिल गेट्स या वीस वर्षांच्या तरुणाने संगणकाच्या हौशी मंडळींना एक खुले पत्र लिहिले. ‘अल्टेअर’ या छोट्या संगणकासाठी त्याने आणि सहकाऱ्यांनी ‘बेसिक’ ही भाषा तयार केली होती. ती छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर मिळे, आणि फितीच्या नकला क्लबांच्या बैठकांतून मुक्तहस्ते वाटल्या जात. गेट्सचे म्हणणे असे, की अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतली, आणि मिळालेल्या पैशांचा हिशेब केला तर आमच्या मेहनतीला तासाला दोन डॉलरही पडले नाहीत. पत्राचा सूर कडक होता, पण प्रश्न रास्त होता. ज्याची नक्कल फुकटात होते, ते बनवणाऱ्याने जगायचे कसे?

या प्रश्नाला पुढच्या दहा वर्षांत मिळालेले उत्तर म्हणजे कुलूप. फ्लॉपीवर मुद्दाम सदोष जागा ठेवायच्या, म्हणजे साध्या आज्ञेने तिची नक्कल होणार नाही, आणि सॉफ्टवेअर सुरू होताना ती जागा आहे की नाही हे तपासायचे. १९८३ साली बाजारात आलेल्या ‘लोटस १-२-३’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची किंमत ४९५ डॉलर होती. त्याच वर्षी आयबीएमचा हार्ड डिस्क असलेला पीसी-एक्सटी आला. माणूस सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवर चढवी, तरीही सुरू करताना मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालावीच लागे. फ्लॉपी ही तर नाजूक वस्तू. धूळ, बुरशी, लोहचुंबक, कशानेही जाणारी. ती गेली की पाचशे डॉलर गेले.

मग कुलपे तोडणाऱ्या सॉफ्टवेअरचाच धंदा सुरू झाला, आणि त्याच्या गिऱ्हाइकांत पैसे भरलेली माणसेही होती. त्यांना फक्त जादा प्रत हवी होती. हा वाद न्यायालयात गेला. व्हॉल्ट या कंपनीचे ‘प्रोलॉक’ नावाचे फ्लॉपी-कुलूप होते, आणि क्वेड या कॅनडातल्या कंपनीचे सॉफ्टवेअर ते निष्प्रभ करी. १९८८ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने क्वेडच्या बाजूने निकाल दिला. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची सुरक्षित प्रत ठेवण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, आणि क्वेडचे सॉफ्टवेअर त्या कामीही येते, असा त्याचा मथितार्थ.

त्याआधीच काही विक्रेत्यांनी वेगळी वाट धरली होती. १९८३ च्या अखेरीस बोरलँड कंपनीने ‘टर्बो पास्कल’ आणले. तशा कंपायलरला तेव्हा काहीशे डॉलर मोजावे लागत. याची किंमत ४९.९५ डॉलर, आणि कुलूप अजिबात नाही. परवान्यात साध्या भाषेत सांगितले होते, की हे पुस्तकासारखे वापरा. पुस्तक कुणालाही वाचायला द्या, पण एकाच वेळी दोन ठिकाणी दोघे वाचत नाहीत, तेवढे पाळा. हे सॉफ्टवेअर धडाक्याने खपले. ‘ऑटोकॅड’वाल्यांनी १९८६ साली अमेरिकेत हार्डवेअर लॉक लावून पाहिले आणि गिऱ्हाइकांच्या संतापापुढे ते काढून घेतले. दशक संपेपर्यंत अमेरिकेतल्या कार्यालयीन सॉफ्टवेअरवरची कुलपे बहुतांशी गेली. आपल्याकडे मात्र नव्वदच्या दशकातही लॉक प्रिंटरच्या पोर्टात ठाण मांडून होते.

खेळांची कुलपे निदान गमतीची होती. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ तुमच्यापैकी अनेकांनी खेळला असेल. त्यात राजपुत्राला बाटल्यांमधली नेमकी एक निवडून प्यावी लागे, आणि कोणती ते पुस्तिकेतल्या शब्दावरून ठरे. पुस्तिका हरवली की मरण. १९८५ च्या सुमारास इंग्लंडात ‘लेन्सलॉक’ नावाची प्लास्टिकची भिंग-पट्टी निघाली. पडद्यावरची विस्कटलेली अक्षरे तिच्यातून पाहून वाचायची. ‘एलिट’ या खेळाच्या काही खोक्यांत पट्टीच चुकीची भरली गेली, आणि पैसे मोजलेली मुले खेळापासून वंचित राहिली.

पुढे इंटरनेट आले आणि कुलपाची किल्लीच विक्रेत्याच्या घरी राहू लागली. २००१ च्या ‘विंडोज एक्सपी’ने सर्वसामान्य घरांत ‘ॲक्टिव्हेशन’ आणले. २००५ साली सोनी-बीएमजीच्या काही संगीत-सीड्या संगणकात घातल्या की एक छुपा प्रोग्राम आत शिरून बसतो, हे उघडकीला आले. गाणी विकत घेणाऱ्याचाच संगणक असुरक्षित झाला आणि कंपनीला सीड्या परत घ्याव्या लागल्या. २००८ साली ‘स्पोअर’ हा खेळ तीनच वेळा संगणकावर चढवता येईल, असे बंधन आले. गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केल्यावर तिनाचे पाच झाले. २०१० साली युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’ खेळताना सतत इंटरनेट असण्याची अट घातली. त्यांचे सर्व्हर कोलमडले तेव्हा प्रामाणिक खेळाडू ताटकळत बसले. कुलूप तोडलेली प्रत वापरणाऱ्याला असल्या सर्व्हरची गरजच नसते.

मग तोल साधायचा कसा? इतिहासातच त्याची उत्तरे आहेत. २००९ साली ॲपलच्या आयट्यून्सने गाण्यांवरचे कुलूप काढले आणि गाण्यांचा धंदा बुडाला नाही. २००३ साली सुरू झालेल्या ‘स्टीम’ने कुलूप ठेवले, पण बदल्यात सोय दिली. नवा संगणक घेतला, तरी आपल्या खात्यातून तेच खेळ पुन्हा उतरवा, नव्या आवृत्त्या आपोआप मिळतील. चोरीच्या प्रतीपेक्षा विकतची प्रत वापरायला सोपी झाली, म्हणून लोक पैसे भरू लागले. स्टीमचे मालक गेब न्यूएल यांनी २०११ मध्ये हेच मांडले, की चोरी हा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न आहे. मला वाटते कुलपाचा खरा निकष इथेच आहे. त्याचा त्रास पैसे न भरणाऱ्यापेक्षा पैसे भरणाऱ्याला जास्त होत असेल, तर ते कुलूप उलट्या बाजूने लावलेले आहे.

पण दुकानच बंद झाले तर? २०१९ साली मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान गुंडाळले, आणि विकत घेतलेली पुस्तके वाचकांच्या यंत्रांवरून नाहीशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तके नाहीत. १९७९ साली बाजारात आलेल्या ‘व्हिसिकॅल्क’ या पहिल्या स्प्रेडशीटचा एक कर्ता डॅन ब्रिकलिन यानेही हीच भीती मांडली आहे. आयबीएम पीसीसाठीची व्हिसिकॅल्क आज चालवून पाहता येते, कारण कुलूप न लावलेली एक चाचणीची प्रत कुणा सहकाऱ्याने जपून ठेवली होती. नक्कल अडवली की भविष्यकाळच लुबाडला जातो, असे तो म्हणतो.

गोमंतकीयाला हे पटवून द्यायची गरज नसावी. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही, असे अभ्यासक सांगतात. तरी ते मराठी काव्य आपण वाचतो, कारण भाविकांनी हाताने त्याच्या नकला केल्या. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती अशाच हस्तलिखितांवरून सिद्ध झाली.

आपला कायदाही या बाबतीत समंजस आहे. रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची, ते नष्ट होण्याच्या भीतीने, सुरक्षित प्रत करणे हा भारताच्या कॉपीराइट कायद्याने गुन्हा मानलेला नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कुलूप तोडणे दंडनीय केले, पण तेही हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडले तर. जळालेल्या लॉकच्या जागी दुसरे देणे आणि दुकान मिटताना किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती ठेवून जाणे, एवढे सौजन्य मात्र विक्रेत्यानेच दाखवायला हवे.

असो. मागच्या श्रावणात देवळाच्या समितीला त्या वर्षीची स्मरणिका पुन्हा हवी होती. फ्लॉपी माझ्या कपाटात आहे. ती वाचायला यंत्र नाही, आणि यंत्र मिळाले तरी ते सॉफ्टवेअर लॉकवाचून उघडायचे नाही. शेवटी गावातल्या एका आजींच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत, छापील प्रत सापडली. तिचे फोटो काढून मी साऱ्या गावाला पाठवले. अर्थात, कुणाची परवानगी न विचारता.