कोल्हापूर आणि ‘मूकनायक’

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं सनदा, महजर, बखरी व जमाखर्चाचे रुमाल डोळ्यांपुढें येतात. छापील वर्तमानपत्रास ती प्रतिष्ठा अद्याप पुरती लाभलेली नाहीं. तथापि कांहीं पत्रांनीं घडलेली हकीकत नुसती नोंदविली नाहीं, ती घडवून आणण्यासही हात लावला. अशा पत्राचा अंक एकाच वेळीं वृत्तांत असतो आणि दस्तऐवजही असतो. डॉ. भीमराव आंबेडकर यांचें ‘मूकनायक’ हें पाक्षिक या वर्गांतील होय. तें निघालें मुंबईस. परंतु त्यांत कोल्हापूरचा वांटा कोणता व कितपत, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

वृत्त आणि चळवळ यांची सांगड ‘मूकनायका’नेंच प्रथम घातली असें नव्हे. कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ सालीं पुण्यास ‘दीनबंधु’ काढलें. पुढें तें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईस चालविलें, व त्यांनींच १८८४ सालीं गिरणी कामगारांची संघटना उभारली. शिवराम जानबा कांबळे यांचें ‘सोमवंशीय मित्र’ १९०८ सालीं निघालें व अल्पावधींत बंद पडलें. ३१ जानेवारी १९२० रोजीं ‘मूकनायका’चा पहिला अंक बाहेर पडला, तो या पार्श्वभूमीवर.

कोल्हापूरचा पहिला वांटा द्रव्याचा. राजर्षि शाहू छत्रपति यांनीं या पत्रास अडीच हजार रुपयांचें साहाय्य केलें. उभयतांचा परिचय होण्यास कोल्हापूरचे दत्तोबा पवार कारण झाले. ही रक्कम केवढी, हें पत्राच्याच हिशेबानें पाहावें. वार्षिक वर्गणी अडीच रुपये होती. म्हणजे महाराजांनीं एका हातानें एक हजार वर्गणीदारांचें वर्षाचें काम केलें. ‘केसरी’नें या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापली नाहीं, असें धनंजय कीर यांनीं आंबेडकरांच्या चरित्रांत नमूद केलें आहे. मोठ्या पत्राचें दार असें बंद असतां हें साहाय्य किती मोलाचें, तें निराळें सांगावयास नको.

दुसरा वांटा प्रसंगाचा. २१ व २२ मार्च १९२० रोजीं कागल जहागिरींतील माणगांव येथें बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष आंबेडकर होते; महाराज स्वतः उपस्थित राहिले, आणि तुम्हांस तुमचा पुढारी लाभला आहे, अशा आशयाचें भाषण त्यांनीं केलें. त्या परिषदेची हकीकत ‘मूकनायका’च्या १० एप्रिलच्या अंकांत आली. पत्राचा चालक तोच परिषदेचा अध्यक्ष, आणि पत्राचा आश्रयदाता तोच तिचा प्रमुख वक्ता! या वृत्तांतास त्रयस्थाची साक्ष म्हणतां येणार नाहीं. परंतु कर्त्यानें स्वतः ठेवलेली नोंद म्हणून त्याचें मोल उणें होत नाहीं. बखरकाराची निष्ठा ठाऊक असली म्हणजे बखर वापरतां येते, तद्वत् हें आहे.

तिसरा वांटा वाचकांचा, आणि आमच्या मतें तोच सर्वांत मोठा. महाराजांनीं १९०२ सालीं संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखल्या, १९१७ सालीं सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केलें, आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांचीं मुलें सर्वसाधारण शाळांत घ्यावींत असा हुकूम काढला. ज्या वर्गासाठीं पत्र काढावयाचें, त्यास अक्षराचा उंबरठाच नुकता मोकळा होत होता. पैसा एकदां दिला कीं संपतो. वाचक तयार केला तर पत्र बंद पडल्यावरही तो राहतो.

राजाश्रयामुळें पत्र मिंधें झालें काय, असा आक्षेप संभवतो. पहिल्या अंकांतील ‘मनोगत’ वाचल्यास तसें दिसत नाहीं. हिंदु समाजास शिडी नसलेल्या मजल्यांच्या मनोऱ्याची जी उपमा तेथें दिली आहे, तींत कोणा राजाची भलावण नाहीं. सबंध रचनेचीच झडती आहे.

येथें संशोधकानें एक सावधगिरी बाळगावी. पत्रावर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचें नांव होतें. आंबेडकर त्या वेळीं सिडनहॅम कॉलेजांत सरकारी नोकरींत प्राध्यापक होते. जुलै १९२० मध्यें ते विलायतेस गेल्यावर ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांनीं संपादन पाहिलें. म्हणून निनांवी लेख कोणाचा, हें पुष्पिका नसलेल्या पोथीप्रमाणें भाषा व काल पाहूनच ठरवावें लागतें. सरसकट सर्व मजकूर एकाच्या नांवें घालूं नये.

महाराज ६ मे १९२२ रोजीं निवर्तले, आणि पत्र १९२३ सालीं बंद पडलें. आश्रय तुटला म्हणून पत्र मेलें, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु संस्थापक दूर परदेशीं होता हेंही कारण त्यांत मोजलें पाहिजे. धागा मात्र तुटला नाहीं. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ सालीं, ‘जनता’ १९३० सालीं, व ‘प्रबुद्ध भारत’ १९५६ सालीं निघालें.

आतां संग्राहकांस विनंति. महाराष्ट्र शासनानें १९९० सालीं ‘बहिष्कृत भारत’ व ‘मूकनायक’ यांचे अंक ग्रंथरूपानें छापले, हें मोठें काम झालें. परंतु त्या ग्रंथाच्या नांवांत ‘मूकनायका’पुढें १९२० हें एकच साल आहे, पत्र तर १९२३ पर्यंत चाललें. मधल्या काळाचा इतिहास त्या अंकांवांचून अपुरा राहणार. पोथीस वेष्टन मिळालें, ताम्रपटास पेटी मिळाली. वर्तमानपत्राच्या वांट्यास मात्र रद्दीचा तराजू आला. कोल्हापूर, कागल, हातकणंगले या भागांतील जुन्या घरांच्या पेट्यांत एखादा सुटा अंक, वर्गणीची पावती, किंवा पत्ता लिहिलेलें टपालाचें वेष्टण निघाल्यास तें टाकूं नये. त्या पत्त्यावरून एक वाचक सांपडेल. आणि या पत्राच्या इतिहासांत वाचक सांपडणें हें राजाची नवी सनद सांपडण्याहून कमी मोलाचें नाहीं.