दातांवरून घोडा

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. आजोबा मला तिथं न्यायचे, पण रंगापाशी रेंगाळू द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक पंचकल्याणी, म्हणजे चारी पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेला घोडा पाहून, गळ्यावरचा देवमणी, म्हणजे केसांचा शुभ भोवरा शोधून भाव वाढवतं. आजोबा मात्र जबड्याच्या कडेला, जिथं दात नसतात तिथं, अंगठा घालून तोंड उघडायचे. दातांवरून वय कळतं. दुधाचे दात लहान, पांढरे. पाचव्या वर्षी पक्क्या दातांनी तोंड भरतं. मग एकेक पाय उचलून खुराचा वास घ्यायचे. कुजका वास आला की सौदा संपला.

ही पारख जुनी. शिवकाळात बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा आणी. त्याचं जनावर लंगडलं की चाकरीच लंगडी. खरारा, नाल, तोबरा जिवापाड सांभाळणं त्याला भागच होतं.

घोड्याला ओकता येत नाही, हे नव्या मालकांना कुणी सांगत नाही. म्हणून एकदम भरपेट दाणा दिला तर पोटशूळ जिवावर बेततो. दाणा थोडा थोडा द्या, वैरण भरपूर द्या, आणि घेण्याआधी घोडा कडक जमिनीवर दुडका चालवून पाहाच.