वाढत्या अंगाचा स्वेटर

उमरखेडच्या परिसराचा इतिहास सांगायचा तर कापसाला वळसा घालून जाता येत नाही. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचे मोल आले. त्या व्यवहाराच्या नोंदींनी सरकारी दप्तरे भरली. त्याच मुलखातल्या घराघरांत पुढे बायका क्रोशाची सुई घेऊन बसू लागल्या, त्यांची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नाही.

क्रोशा आपला नव्हे, हे त्याच्या फ्रेंच नावावरूनच कळते. मूळ शब्दाचा अर्थ आकडा. क्रोशाचे पहिले छापील नमुने १८२३ च्या सुमारास ‘पेनेलोपे’ या डच मासिकात आले, असे मानले जाते. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधल्या कित्येक कुटुंबांना या सुईने जगवले. त्याच दशकात मिशनऱ्यांबरोबर ही कला आंध्रातल्या नरसापूरला पोहोचली. तेथील बायकांच्या श्रमावर मारिया मीस यांनी १९८२ साली पुस्तक लिहिले. परदेशी विकला जाणारा माल विणणाऱ्या या बायका ‘घरात बसलेल्या गृहिणी’ ठरतात, म्हणून त्यांचे काम फावल्या वेळचे आणि मजुरी नाममात्र, हे त्यांनी दाखवून दिले.

महाराष्ट्रात या प्रश्नाची जाण असलेली माणसे नव्हती असे नाही. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ चे, कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा आणि पुण्याचे सेवासदन १९०९ चे. निराधार बाईच्या हाती चार पैसे मिळवून देणारे कसब यावे, हा विचार या संस्थांच्या मुळाशी होता. सर्वसाधारण घरात मात्र तेच कसब रुखवतात जाऊन बसले. तोरण, रुमाल, टेबलावरचे आच्छादन पाहून पाहुण्यांनी ‘मुलगी हौशी आहे’ म्हणावे, एवढीच त्याची किंमत.

स्वेटरचे तसे नाही. रुमाल दोन बोटे मोठा झाला तरी रुमालच राहतो. स्वेटर अंगात जावा लागतो, म्हणून तो हिशेब मागतो. छाती ३६ इंच, सैलपणासाठी ४ इंच, एकूण ४० इंच. इंचाला ३ खांब बसत असतील तर १२० खांब, म्हणजे पुढे ६० आणि मागे ६०. त्यापुढचे माप ३८ चे. तेथे प्रत्येक बाजूला ६३ खांब येतात. पण नक्षी ६ खांबांची असेल तर ६० त बसते, ६३ त बसत नाही. मग ३ खांब वाढवून ६६ करावे लागतात, घेर ४४ इंचांचा होतो आणि सैलपणा ४ चा ६ इंच होतो. एकच नमुना अनेक मापांत बसवायचा तर स्वेटर सैल का धरावा, याचे एक उत्तर येथे आहे: अर्ध्या नक्षीची तूट त्या सैलपणात मुरते. त्यातही क्रोशाची वीण दोन सुयांवरच्या विणीइतकी ताणली जात नाही, त्यामुळे तेथे सैलपणा ही चैन नव्हे, गरज आहे. हे गणित मनातल्या मनात करणाऱ्या बाईला आपण हौशी म्हणतो, गणिती म्हणत नाही.

अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ साली कपड्यांचे कागदी नमुने चढत्या मापांत विकायला काढले. त्यामागची कल्पना अशी, की एकाच वेळी निरनिराळ्या बांध्यांची अनेक माणसे एकच कपडा घालतील. आपल्या घरांत मापांची कल्पना वेगळी होती. ‘वाढत्या अंगाचे’ या दोन शब्दांत ती सामावलेली आहे. येथे माणूस एकच, पण त्याची येणारी तीन-चार वर्षे त्या मापात धरलेली. थोरल्याच्या अंगावर आखूड झालेला स्वेटर धाकट्याकडे जाई. तोही उंच झाला की स्वेटर उसवून लोकरीची गुंडी करायची, पाणी दाखवून तिचे पीळ घालवायचे आणि जुन्या लोकरीत थोडी नवी मिसळून पुन्हा सुरुवात करायची. कानपूरची लाल इमली १८७६ ची, धारीवालची गिरणी १८८० ची. लोकर बाहेरून यायची आणि पैसे मोजून घ्यावी लागायची. कापसाच्या मुलखात, पौषातल्या चार गारठ्याच्या आठवड्यांसाठी, ती वाया घालवणे परवडणारे नव्हते.

या बायकांचा इतिहास का सापडत नाही, याचे एक कारण उपेक्षा हे आहेच. पण दुसरे कारण त्यांच्या कामाच्या स्वभावातच आहे. विकलेल्या गासडीची पावती उरते. उसवलेल्या स्वेटरचे काय उरणार? पुढच्या स्वेटरसाठी तो स्वतःच खर्ची पडलेला असतो. तेव्हा पुरावा वस्तुसंग्रहालयात शोधण्यापेक्षा घरातल्या वृद्ध स्त्रीला एवढेच विचारावे: माप तुम्ही कसे घेत होता? ती बहुधा टेप मागणार नाही. समोरच्या पोराला पाठमोरे उभे करील आणि त्याच्या खांद्यावर वीत ठेवील.