टायबर्नला आज फाशी आहे

जरा बाजूला व्हा! वरच्या खिडकीतून कुणीतरी रात्रीचं भांडं उपडं करतंय. वाचलात. साल 1705, डिसेंबरची 24 तारीख, आणि तुम्ही उभे आहात लंडनच्या न्यूगेट तुरुंगासमोर. कोळशाच्या धुरानं घसा खवखवतोय, डोळे चुरचुरताहेत. तुरुंगाच्या दाराकडे तोंड करू नका. आत न धुतलेली माणसं, कुजका पेंढा आणि ताप एकत्र कोंडलेत. पुष्कळांना तर दोराआधी तो तापच गाठतो.

सेंट सेपल्कर चर्चची जड घंटा वाजायला लागली. दार उघडलं. बेड्या तोडलेला, हात बांधलेला, गळ्यात आधीच दोर अडकवलेला एक माणूस गाडीत चढतोय. हा जॉन स्मिथ. गाठोडी बांधण्याचं काम केलं, खलाशी झाला, सैन्यात गेला आणि शेवटी घरफोडीत पकडला गेला. इथे घरफोडीलाही फाशीच.

चला, गाडीमागून चालायचंय. टायबर्न चांगलं कोसभर लांब आहे आणि या गर्दीत दोन-तीन तास सहज लागतील. होबर्नच्या पुलावर श्वास रोखून धरा. खाली फ्लीट नदी म्हणून जे वाहतंय त्यात खाटकांनी टाकलेली आतडी आणि मेलेली कुत्री आहेत. पलीकडे चढ लागतो. इथे थंडी विसराल, कारण चारही बाजूंनी माणसांची ऊब अंगावर येते. ओल्या लोकरीचा, कांद्याचा, आंबलेल्या बिअरचा वास. कामावरून सटकलेली उमेदवार पोरं बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारताहेत. एक बाई संत्री विकतेय, दुसरी आल्याच्या खमंग पावाची टोपली सावरतेय. अख्खी जत्राच लोटलीय म्हणा ना! खिशावर हात ठेवा. चोराची फाशी बघायला आलेल्यांचे खिसे कापणारे चोरही या गर्दीत आहेत.

सेंट जाइल्सच्या आसपास गाडी थांबते. कैद्याला दारू पाजायची इथली जुनी रीत आहे. मग घरं विरळ होतात, शेतं दिसायला लागतात आणि समोर येतो टायबर्नचा तिकोनी सांगाडा. तीन उंच खांब, त्यांना जोडणाऱ्या तीन तुळया. एका वेळी चोवीस जण टांगता येतील एवढी सोय. श्रीमंतांनी पैसे मोजून मचाणावरच्या जागा पटकावल्यात. तुम्ही मात्र कुणाच्या तरी कोपराखाली.

पाद्र्याची प्रार्थना झाली. चेहऱ्यावर टोपी ओढली. घोड्याला चाबूक बसला, गाडी पुढे सरकली आणि स्मिथ लोंबकळला. इथेच नीट बघा. पायाखाली खोल पोकळी नाही, अंगाला झटका नाही, मान मोडत नाही. दोर फक्त हळूहळू आवळत जातो. म्हणूनच फाशी जाणाऱ्याचे मित्र पुढे घुसून त्याचे पाय खाली ओढतात. हा क्रूरपणा नव्हे. लवकर सुटावा बिचारा, एवढंच. शिवाय सर्जनची माणसं प्रेतावर टपलेली असतात, त्यांच्याशी हाणामारी करायची तयारीही ठेवावी लागते.

पाव तास होत आला. संत्र्याच्या साली पायाखाली चिरडताहेत, लोक कंटाळून जांभया देताहेत. इतक्यात आरोळी उठते, ‘माफी! माफी आली!’ आणि मघाशी तमाशा बघणारी तीच गर्दी जिवाच्या आकांतानं ओरडायला लागते. उतरवा त्याला! दोर कापला जातो. स्मिथला उचलून जवळच्या घरात नेतात, शीर कापून रक्त काढतात. आणि मेलेला माणूस डोळे उघडतो.

कसं वाटलं, असं त्याला नंतर विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं ते असं: आधी शरीराच्या वजनानं भयंकर वेदना, मग सगळा जीव डोक्याकडे उसळल्यासारखा गोंधळ, मग डोळ्यांतून निघाल्यासारखा लखलखाट आणि पुढे वेदनाच नाही. खरे हाल झाले ते शुद्धीवर येताना. रक्त पुन्हा फिरायला लागलं तेव्हा अंगभर अशा कळा आल्या की, दोर कापणाऱ्यांनाच फाशी द्यावं असं त्याला वाटलं!

‘अर्धा फाशी गेलेला स्मिथ’ हे नाव त्याला जन्मभर चिकटलं. अक्कल मात्र आली नाही. तो पुन्हा पकडला गेला आणि कायद्याच्या मुद्द्यावर सुटला. त्यानंतर पुन्हा खटला उभा राहिला तर फिर्यादीच मेला. अखेर 1727 मध्ये त्याची रवानगी व्हर्जिनियाला झाली. वाचलेला तो एकटाच नव्हे. 1740 मध्ये टायबर्नलाच लटकवलेला विल्यम ड्युएल हा पोरगा चिरफाडीसाठी सर्जनांच्या टेबलावर पोचला आणि तिथे श्वास घ्यायला लागला. त्यालाही समुद्रापार धाडलं.

आता परत या. कधी ऑक्सफर्ड स्ट्रीटला खरेदीला गेलात तर मार्बल आर्चजवळ रस्त्याच्या मधल्या बेटावर एक गोल दगड बसवलेला दिसेल. टायबर्नचा सांगाडा तिथे होता. 1783 मध्ये फाशी तिथून न्यूगेटच्या दाराशी हलली. माणसाचं वजन बघून दोराची लांबी ठरवायचा आणि एका झटक्यात मान मोडायचा हिशेब इंग्लंडमध्ये विल्यम मारवुड या जल्लादानं 1872 मध्ये सुरू केला. त्याआधीच्या शतकांत ज्यांना आपण फसलेल्या फाशा म्हणतो, त्या खरं तर फसलेल्या नव्हत्याच. फाशीची पद्धतच तशी होती. स्मिथ तेवढा ती कशी असते हे सांगायला परत आला.