बालवर्गातील पालक-सहभाग (कर्जत–खालापूर)
कर्जत–खालापूरच्या कातकरी वाड्यांत पालकसभेची हजेरी हे सहभागाचे माप धरणे अन्यायाचे आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. मूल सोबत जाते, अंगणवाडी मागे राहते. वर्ग घरापाशी नेण्याचा दाखला जुना आहे: बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासून केलेल्या कामात वर्गच वस्तीच्या अंगणात नेला, म्हणून तो घरच्यांच्या नजरेसमोर भरे. निरक्षर पालक काय शिकवणार, हा आक्षेप लंगडा आहे. टाकळा या रानभाजीची कोवळी पाने जून पानांतून निवडताना आई मुलाला वर्गीकरणच शिकवते. अंगणवाडीच्या बाईंनी तेच वर्गात, आईच्याच बोलीत, तिच्याकडून करून घ्यावे. सभेला आल्यास मजुरी बुडते, हा आक्षेप मात्र खरा. त्यासाठी सभा संध्याकाळी वाडीतच घ्यावी आणि हंगामात अंगणवाडी भट्टीवर पोचवावी.