नेमाचा खुंट

1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये मावळातल्या विसापूर किल्ल्यावरच्या एका लोखंडी तोफेची नोंद आहे. लांबी 10 फूट. अंगावर ट्यूडर गुलाब, मुकुट आणि ‘ई. आर.’ ही अक्षरे. त्यावरून गॅझेटियरकारांनी ती पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातली ठरवली आणि इंग्रजी जहाजावरून लुटून आंग्र्यांसारख्या दर्यासरदाराने पेशव्यांना नजर केली असावी, असा तर्क केला. तर्क आकर्षक आहे. मला मात्र त्यापुढची बारीक नोंद मोलाची वाटते: गडावरच्या इतर तोफांप्रमाणे हिचेही खुंट तोडलेले होते.

खुंट म्हणजे नळीच्या दोन्ही बाजूंना, मध्याच्या आसपास, बाहेर आलेले आडवे दांडे. गाड्यावर तोफ त्यांवरच तोलली जाते. बुडाखाली लाकडी पाचर असते; ती आत-बाहेर सारली की तोंड खाली-वर होते. खुंटापासून बूड सव्वा मीटरवर धरले, तर ते जेमतेम 2 सेंटिमीटर हलले की नेम 1 अंशाने बदलतो. 1000 मीटरवर तोच अंश साडेसतरा मीटरचा होतो. गोलंदाजाची (क्रिकेटने पळवलेला हा शब्द मूळचा तोफखान्यातला) विद्या याच प्रमाणात होती: हात किती हलला, तर नेम किती हलावा?

आज लोणावळ्यातला एखादा मुलगा संगणकावर गोळीबाराच्या गेममध्ये माउसच्या ‘सेन्सिटिव्हिटी’ची पट्टी सरकवतो, तेव्हा हाच प्रश्न सोडवत असतो. 1993 च्या ‘डूम’मध्ये वर-खाली नेम धरायची सोयच नव्हती, ते काम गेमच करी. 1996 च्या ‘क्वेक’मध्ये माउसने वर-खालीही पाहता येऊ लागले आणि पाचर खेळणाऱ्याच्या मनगटात आली. दुर्बिणीतून नेम धरताना पेच वाढतो. लक्ष्य चौपट जवळ दिसते, तसा हाताचा कंपही चौपट दिसतो. म्हणून दुर्बिणीची पट्टी वेगळी. ती सुमारे पावपट ठेवली, तर हाताची सवय मोडत नाही.

4 मार्च 1818 रोजी विसापूर इंग्रजांच्या हाती गेला, पाठोपाठ शेजारचा लोहगडही. जिंकलेल्या गडावरून एवढी जड नळी उतरवणे जिकिरीचे, फोडणे त्याहून. बत्ती द्यायच्या कानात खिळा ठोकावा, तर तो शत्रूला काढता येतो. तुटलेला खुंट डोंगरावर कोण जोडणार? अशा तोफेत दारू भरता येईल, ती उडेलही. पण तिचे तोंड हवे तिथे रोखता येणार नाही.

भाजे गावाकडून गड चढून येणारे बहुतेकजण तोफेच्या तोंडाशी उभे राहून फोटो काढतात. पाहायला हवी ती तिची कूस, जिथून खुंट उडवला आहे.